होडीच्या दोरविणीच्या बैठका: लकडगंजच्या लाकडापासून परवानगीच्या कागदापर्यंत

दादाने घरीच होडी बांधायला घेतली आणि बैठकांचं काम माझ्याकडे आलं. होडी ड्रिफ्ट बोट प्रकारातली आहे, १४ फुटांची. तळ सपाट, पण दोन्ही टोकांकडे वर उचललेला, आणि बाजू वर जाताना बाहेर पसरलेल्या. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या मॅकेन्झी आणि रोग या नद्यांवर हा प्रकार घडत गेला. तिथे वल्हेकरी प्रवाहाच्या दिशेला तोंड करून बसतो. समोरचे खडक त्याला दिसत असतात आणि तो उलटं ओढून होडीचा वेग कमी ठेवतो. आपल्या नागपूरकडच्या कन्हान, पेंच या नद्यांचं पाणी पावसाळा सोडला तर बरंचसं उथळच असतं, म्हणून दादाला हाच प्रकार आवडला. मरीन प्लायवुड, इपॉक्सी, सांधे हा सगळा त्याचा प्रांत. मी फक्त बैठकांबद्दल लिहिते आहे, कारण हे काम बाहेरून दिसतं त्यापेक्षा बरंच विचाराचं आहे, आणि सुरुवातीला मला विचारायला कुणीच नव्हतं.

या होड्यांमध्ये बैठक म्हणजे लाकडाची चौकट आणि तिच्यात आडवा-उभा ओवलेला दोर. फळीच्या बैठकीवर पाणी साचतं, बसणारा ओला राहतो आणि होडी आपटली की धक्का थेट कण्याला बसतो. दोरातून पाणी खाली निघून जातं, तो थोडा लवचीक राहतो आणि वजनही वाचतं. आमची एकेक बैठक दोन किलोच्या आसपास भरली.

दसरा झाला (१२ ऑक्टोबर २०२४) आणि दादाने उलटी ठेवून बांधलेली होडी सुलटी केली. त्याच आठवड्यात जलाशयावर होडी उतरवायच्या परवानगीची चौकशी करायला कार्यालयात गेलो. अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ मध्ये इंजिन नसलेल्या होड्यांसाठीही वेगळं प्रकरण आहे. शिवाय जलाशय ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी वेगळी. अर्जात लांबी, रुंदी, बांधणीचं साहित्य हे रकाने होतेच, त्यांच्या खाली ‘आसनसंख्या’ असाही एक रकाना होता. तिथल्या बाईंनी नीट समजावून सांगितलं: बैठका पक्क्या बसवलेल्या दिसतील असे फोटो जोडा, त्याशिवाय पाहणीला कुणी येणार नाही. म्हणजे माझ्या कामावर सगळा अर्ज अडलेला. त्यात १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि कार्यालयातली निम्मी माणसं निवडणुकीच्या कामाला गेली. अर्ज घेतला गेला, पोच मिळाली, पण पुढे काही हलेना. तुमचं काम निवडणुकीच्या तोंडावर आलं असेल तर पोचपावतीवर शिक्का आणि आवक क्रमांक नक्की घ्या. पुढे तोच एक धागा हातात राहतो.

दिवाळीनंतर लकडगंजला, म्हणजे नागपूरच्या लाकूडबाजारात, लाकूड बघायला गेले. नवीन सीपी (म्हणजे जुन्या मध्य प्रांताकडच्या) सागवानाचा भाव घनफुटाला ४,२०० रुपयांपर्यंत सांगितला. आम्हाला लागणार होतं जेमतेम अर्धा घनफूट, आणि एवढ्यासाठी चांगला ओंडका फाडायला कुणी राजी नव्हतं. एका दुकानदारानेच सुचवलं, “ताई, जुन्या वाड्याचं घ्या ना. सुकलेलं आहे, आता हालनार नाही.” सल्ला पटण्यासारखा होता. नागपूरच्या हवेत लाकडाची खरी परीक्षा होते. पावसाळ्यात फुगतं, मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की आकसतं आणि सांधे उघडे पडतात. वर्षानुवर्षं दाराच्या चौकटीत उभं राहिलेलं सागवान हे सगळं सोसून बसलेलं असतं.

जुन्या लाकडाच्या ढिगातून दाराच्या चौकटीची एक उभी बाजू मिळाली: साडेसहा फूट लांब, चार बाय तीन इंच. १,४०० रुपये पडले. बिल आवर्जून घ्या. सागवान नेताना रस्त्यात कुणी विचारलं तर तेच दाखवता येतं. घरी आणल्यावर सगळ्यात आधी स्पीकरमधलं लोहचुंबक तिच्या चारही अंगांवरून फिरवलं. रंगाच्या थराखाली बिजागरीचे खिळे मोडून राहिलेले असतात. आरा मशीनवाला पहिला प्रश्न खिळ्यांचाच विचारतो, कारण त्याचं पातं जातं. आतून तीन खिळे निघाले. मग चिराई २५० रुपयांत झाली. वरचा काळा थर निघाल्यावर आतला सोनेरी पिवळा रंग आणि तो तेलकट वास आला, तेव्हा या लाकडाला आता आपण छिद्रं पाडणार या विचाराने पोटात गोळा आला होता, हे खरं.

मापं देते, म्हणजे कुणाला सुरुवात करायला बरं पडेल. चौकटीचं बाहेरचं माप २० बाय १६ इंच, आतली मोकळी जागा १६ बाय १२. पट्ट्या दोन इंच रुंद आणि सव्वा इंच जाड. यात एक गोष्ट मनात पक्की ठेवायची: दोन इंचांची बाजू आडवी ठेवायची. बसणाऱ्याचं वजन खाली येतं म्हणून आपल्याला वाटतं की पट्टी उभी ठेवली तर जास्त पेलेल. पण दोर पट्टीला खाली ओढतो त्यापेक्षा कितीतरी जास्त आत ओढतो. दहा ओळी आहेत आणि प्रत्येकीत दहा किलोचा ताण आहे असं धरा. म्हणजे कुणी बसायच्या आधीच समोरच्या पट्टीवर शंभर किलोची ओढ आहे. ती पेलायची तर ओढीच्या दिशेनेच लाकूड रुंद हवं.

कोपऱ्याचे सांधे आमच्या ओळखीच्या सुतारकाकांनी करून दिले. एका पट्टीत खाच, दुसरीला तशीच जीभ, आणि आरपार बांबूची खुंटी. स्क्रू कुठेच नाही. दोराच्या ओढीने हा सांधा उघडत नाही, उलट मिटत जातो, म्हणून एवढं पुरतं. तिन्ही चौकटींचे मिळून त्यांनी १,८०० रुपये घेतले. सागवान तेलकट असतं, म्हणून इपॉक्सी लावण्याआधी सांध्याच्या जागा ॲसिटोनने पुसून घेतल्या, नाहीतर चिकटा धरत नाही. शिकंज्यात आवळताना काकांनी दोन्ही कर्ण टेपने मोजायला लावले. दोन्ही सारखे भरले तरच चौकट काटकोनात आहे. गुण्या (सुताराचं काटकोन तपासायचं साधन) एकेक कोपरा सांगतो, कर्ण चारही एकदम सांगतात.

छिद्रं मी स्वतः पाडली. लांब पट्ट्यांना दहा-दहा, आखूड पट्ट्यांना सात-सात, दीड-दीड इंचावर. दोर ६ मिलिमीटरचा, छिद्र ८ चं. जाडीच्या बरोबर मधोमध रेघ मारून घेतली, म्हणजे वर-खाली सारखं लाकूड राहतं. ड्रिलचं टोक दुसरीकडून बाहेर पडताना ढलपी उडवतं, त्यासाठी मागे टाकाऊ लाकडाचा तुकडा घट्ट धरायचा. पण खरं काम छिद्र पाडून झाल्यावर सुरू होतं. प्रत्येक छिद्राचं तोंड दोन्ही बाजूंनी गोल करायचं. आधी शंकूच्या आकाराच्या बिटने, मग सँडपेपरची सुरळी आत घालून फिरवत राहायचं, बोट घातल्यावर कड लागणार नाही इतपत. दोर छिद्रातून बाहेर पडून जिथे वळतो तिथेच आधी झिजतो. हे काम कंटाळवाणं आहे, खांदे भरून येतात, पण बैठकीचं आयुष्य इथेच ठरतं.

डिसेंबरात तेल लावायला घेतलं. व्हार्निश चमकतं छान, पण एकदा तडकलं की सगळं खरवडून पुन्हा लावावं लागतं, म्हणून मी जवसाच्या तेलाकडे वळले. आपल्याकडे जवस घरोघरी चटणीत असतो, पण खायचं तेल इथे चालत नाही, ते वाळायला फार दिवस घेतं. रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड’ अळशीचं तेल मिळतं ते घ्यायचं. पातळ हात द्यायचा, पंधरा-वीस मिनिटांनी वरचं जास्तीचं तेल पुसून टाकायचं. थंडीत एकेक हात वाळायला दोन-तीन दिवस लागले. आणि हे कृपा करून लक्षात ठेवा: या तेलाने भिजलेले फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते आणि गोळा करून ठेवलेला फडका आपोआप पेट घेऊ शकतो. मी ते अंगणात दोरीवर पसरून वाळवत होते आणि कडक झाल्यावरच टाकत होते.

त्याच सुमारास कार्यालयात पुन्हा गेलो. निवडणूक संपली होती, पण आता विधिमंडळाचं नागपुरातलं हिवाळी अधिवेशन तोंडावर होतं. १६ डिसेंबरपासून आठवडाभर शहरातली सरकारी यंत्रणा दुसरं काही करू शकत नाही, हे नागपूरकरांना सांगायला नको. आम्हाला हमीपत्राचा नमुना तेवढा मिळाला. ते मुद्रांकावर हवं होतं. ऑक्टोबर २०२४ पासून पूर्वी शंभर-दोनशेच्या मुद्रांकावर होणाऱ्या बहुतेक कामांना पाचशेचा लागतो, म्हणून घरात जुना शंभराचा पडलेला असेल तर त्यावर विसंबू नका. दादा वैतागला होता. मला मात्र विणकामाला वेळ मिळतोय याचं बरंच वाटलं.

दोर इतवारीत घेतला. दुकानात सगळ्याच कृत्रिम दोरांना सर्रास नायलॉन म्हणतात, त्यामुळे आपल्यालाच पारख हवी. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त असतं, पण उन्हात लवकर ठिसूळ होतं. ते ओळखायला सोपं आहे, छोटा तुकडा पाण्यात टाकला की तरंगतो. नायलॉन आणि पॉलिस्टर दोन्ही बुडतात. त्यातलं नायलॉन जास्त ताणतं, आणि भिजलं की आणखी सैल पडतं, बैठकीला ते नको. पॉलिस्टर कमी ताणतं आणि उन्हालाही टिकतं. एका बैठकीला हिशेबाने २७ फूट दोर लागतो, पण ओढायला टोक हातात राहायला हवं आणि विणताना वर-खाली होण्यातही जातो, म्हणून ३५ फूट धरा. दोर किलोवर मिळतो. तिन्ही बैठका आणि थोडा शिल्लक मिळून ५२० रुपये झाले.

विणायचं कसं, याची चित्रं पुष्कळ पाहिली होती. पण चित्रात ताण दिसत नाही. संक्रांतीला मौद्याकडे आत्याकडे गेलो तेव्हा तेलपाणी झालेली एक चौकट आणि दोर गाडीत टाकून नेला. तिच्या शेजारचे बाबाजी गावातल्या बाजा विणून देतात, हे लहानपणापासून माहीत होतं. त्यांनी चौकट हातात घेतली, समोरासमोरच्या पट्ट्या दोन्ही तळव्यांत धरून दाबून पाहिल्या आणि मगच बोलले, “सागवान हाय. मंग ठीक.” मी विचारलं, अंबाडीचा दोर वापरला असता तर? ते म्हणाले, “पान्यात जाईन ना हे? अंबाडीची बाज पावसात बाहीर रायली का अशी ताणते का दांडाच वाकते. अन् वाळली का ढिल्ली.” नैसर्गिक धाग्याचा दोर भिजला की जाडीला फुगतो आणि लांबीला आखडतो. बाबाजींनी ते पुस्तकाशिवाय सांगितलं.

मग अंगणात बसून त्यांनी पहिली बैठक माझ्या हातून करवून घेतली. दोराचं टोक लायटरने वितळवून, बोटांनी नाही तर चमच्याच्या पाठीने दाबून टोकदार केलं, म्हणजे ओवताना उसवत नाही. सुरुवातीला खालच्या बाजूला गाठ. आधी आखूड अंतराच्या, म्हणजे पुढून मागे जाणाऱ्या दहा ओळी नुसत्या ओवून घ्यायच्या, ढिल्या. त्यानंतर पहिल्या ओळीपासून एकेक ओढत जायची. एक ओळ ओढली की छिद्रात बाभळीची छोटी पाचर ठोकायची, तिने दोर जागच्या जागी अडकून राहतो. पुढची ओढायची, तिथे दुसरी पाचर, आणि मगच मागची काढायची. दोन पाचरी अशा पुढे पुढे सरकत जातात आणि ताण कुठेही निसटत नाही. मी पहिल्याच ओळीला जोर लावायला लागले तर बाबाजींनी हात धरला. “काऊन एवढी ताणून रायली, पोरी? आता आडवे दोर घालशीन ना, ते याले आपोआप ताणतीन.”

आणि तसंच झालं. आडव्या सात ओळी एकावरून एकाखालून विणत गेलो तशा उभ्या ओळी कडक होत गेल्या. तिसऱ्या आडव्या ओळीपर्यंत बोटांनी सहज जमत होतं. पाचव्या ओळीला दोराखाली बोट जाईना. तिथे त्यांनी सायकलची तार वाकवून केलेला आकडा दिला. टोक घासून बोथट केलेलं, नाहीतर दोराचे धागे फाटतात. शेवटची ओळ घालायला आधीच्या चार ओळींना लागला तेवढा वेळ लागला. तळव्यांना वळ उठले होते. आत्याने चहा आणून ठेवला तो तसाच गार झाला. शेवटची गाठ खालून, दोन वेढे आणि एक अडकवण, आणि टोक पुन्हा वितळवून. बाबाजींनी विणीवर मधोमध मूठ आपटली, आवाज ऐकला आणि मान हलवली. त्यांना पैसे विचारले तर घेतले नाहीत. आत्याच्या हाती तिळगुळाचा डबा आणि नवा लायटर पाठवला, तेवढं ठेवून घेतलं.

घरी येऊन आतलं माप पुन्हा घेतलं. १२ इंचांच्या जागी मधोमध दोन मिलिमीटर कमी भरलं, म्हणजे पट्ट्या तेवढ्या आत आल्या होत्या. एवढं चालतं. तुमच्याकडे पाच-सहा मिलिमीटर आलं तर पट्टी बारीक आहे किंवा दोर फार ओढला आहे असं समजा. उरलेल्या दोन बैठका मी घरीच विणल्या. मग तिन्ही विटांवर ठेवून रोज संध्याकाळी घरातल्यांनी आळीपाळीने बसायचं, असं ठरवलं. दादाचं वजन ८२ किलो. तो बसला की सुरुवातीला मध्ये इंचभर झोल यायचा, आठवड्याने तो दीड इंचावर गेला. नवा दोर एकदा बसतोच. तेव्हा शेवटची गाठ सोडून, पाचरी घेऊन, सगळ्या ओळी पुन्हा एकदा ओढून घ्यायच्या. ही दुसरी ओढ दिल्याशिवाय बैठक होडीत बसवू नका. होडीत एकदा बसली की हात घालायला जागा उरत नाही. आणि विणीच्या खाली किमान तीन इंच मोकळे हवेत, दोर कशालाही टेकता कामा नये.

फेब्रुवारीत बैठका चढवल्या. पुढची आणि मागची पक्की बोल्टने, वल्हेकऱ्याची मात्र दोन समांतर पट्ट्यांवर पुढे-मागे सरकणारी, खिट्टीने अडकवलेली. वल्हेकऱ्याशिवाय होडीत एक माणूस बसला की दोन, त्यावर होडीचा तोल बदलतो आणि तो वल्हेकऱ्याला सरकून सांभाळावा लागतो. बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच घ्या. तळापासून उंची १२ इंच ठेवली. बैठक जितकी उंच तितकी होडी डगमगते.

फोटो जोडले आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाहणी झाली. आलेल्या साहेबांनी आधी लाइफ जॅकेट मोजली. बैठका तीन असल्या तरी चार लागतील, म्हणाले. मग वल्हेकऱ्याच्या बैठकीवर स्वतः बसून दोन्ही बाजूंना झुकून पाहिलं. त्यांचा कसून तपासण्याचा मला जराही राग आला नाही. २०१७ च्या जुलैत वेणा जलाशयात होडी उलटून तरुण मुलं गेली, ते नागपुरात कुणी विसरलेलं नाही. आमची आई तर हा प्रकल्प सुरू झाल्यापासून त्याचीच आठवण काढत होती. तिने जॅकेट घालून बैठकीवर अंगणातच अर्धा तास काढला, मग तिचा विरोध थोडा मावळला. परवानगी आली ती अटींसह: दिवसाउजेडी, जॅकेट घालूनच, आणि धरणातून पाणी सोडण्याची सूचना असेल तेव्हा होडी काठावर. आम्ही त्या अटींची प्रत प्लॅस्टिकमध्ये घालून होडीतच लावली आहे.

खर्च: लाकूड, चिराई, सुतारकाम, तेल, दोर, बिट-सँडपेपर ४५० आणि बोल्ट ६०० धरून तिन्ही बैठकांना ५,४०० रुपये. यात तेलाचे ३८० आले. जॅकेटचे ४,६०० वेगळे, आणि मुद्रांक-नोटरीचे सहाशेच्या आसपास. जॅकेटमध्ये काटकसर करू नका, बैठक एक वर्ष जुन्या दोरानेही विणता येते.

एक उन्हाळा काढल्यावर दिसलं ते असं. होडी उभी असताना बैठकांवर जुनी चादर टाकली तर दोराचा रंग टिकतो. तेल लावलेलं लाकूड मे महिन्यात कोरडं पडतं, पावसाळ्याआधी एक पातळ हात पुरतो. आणि महिन्यातून एकदा प्रत्येक छिद्राच्या तोंडाशी दोरावरून नख फिरवायचं. तिथे केस उभे राहिलेले लागले, तर पूर्ण दोर बदलायची घाई नको. सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन्ही गाठी सोडायच्या, दोर दोन-तीन इंच सरकवून पुन्हा ओढायचा. घासलेला भाग मोकळ्या जागी येतो आणि वळणावर चांगला दोर जातो. शिल्लक टोक लांब ठेवायचं ते याच्यासाठीच.